आभासी यंत्रांची सामायिक साठवण : क्लाउडचा अदृश्य पाया

सार्वजनिक परीक्षेचा निकाल ज्या दिवशी जाहीर होतो, त्या दिवशी लाखो उमेदवार एकाच तासात एकाच संकेतस्थळाकडे वळतात. अशा वेळी त्या संकेतस्थळामागील एखादा सर्व्हर बंद पडला, तरी व्यवस्था नीट रचलेली असल्यास बहुतेक उमेदवारांना त्याचा पत्ताही लागत नाही. थोडा विलंब होतो आणि निकाल पडद्यावर उमटतो. हे शक्य होते, कारण निकालाची माहिती त्या बंद पडलेल्या सर्व्हरच्या पेटीत नसतेच. अनेक सर्व्हरना एकाच वेळी उपलब्ध असलेल्या एका स्वतंत्र साठ्यात ती असते. या साठ्याला सामायिक साठवण असे म्हणतात.

क्लाउड संगणनाच्या चर्चेत संगणनशक्ती आणि खर्चातील बचत यांवरच बहुधा भर दिला जातो. साठवणीचा विचार मागे पडतो. प्रत्यक्षात क्लाउडची विश्वासार्हता मोठ्या प्रमाणात साठवणीच्या रचनेवरून ठरते. ही रचना संगणकीय सेवेला एका पेटीच्या बंधनातून मोकळे करते; त्याच वेळी असंख्य नागरिकांच्या नोंदी एकत्र आणून नवी जोखीमही निर्माण करते. या दोन्ही बाजू समजून घेणे प्रशासनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

एकाच भौतिक संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा व्यवहार सॉफ्टवेअरच्या साहाय्याने घडविणे, यास आभासीकरण म्हणतात. अशा प्रत्येक संगणकाला व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी यंत्र म्हणतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. सर्वसाधारण सर्व्हरवर मात्र हे तंत्र १९९९ नंतर रुजले. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेली झेन ही प्रणाली २००३ मध्ये पुढे आली आणि २००७ मध्ये केव्हीएम हा घटक लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाला. भौतिक सर्व्हर हा यजमान आणि त्यावरील आभासी यंत्रे हे पाहुणे, असे हे नाते असते. या दोहोंमध्ये व्यवस्था ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउड संगणनाची व्याख्या प्रसिद्ध केली. तीत पाच वैशिष्ट्ये, तीन सेवाप्रकार आणि चार उभारणीप्रकार सांगितले आहेत. मागणीनुसार स्वयंसेवा, जाळ्यावरून सर्वदूर उपलब्धता, संसाधनांचे एकत्रीकरण, जलद लवचिकता आणि मोजून दिलेली सेवा ही ती पाच वैशिष्ट्ये होत. सेवा पायाभूत सुविधा, मंच आणि सॉफ्टवेअर या तीन रूपांत दिली जाते. उभारणी खासगी, सामुदायिक, सार्वजनिक किंवा संमिश्र अशी असते. यांतील संसाधनांचे एकत्रीकरण हे वैशिष्ट्य साठवणीच्या संदर्भात सामायिक साठवणीतून साकार होते.

भारतात २००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेस मान्यता मिळाली. राज्यांमध्ये विदा केंद्रे उभारण्याच्या योजनेस २००८ मध्ये मंजुरी देण्यात आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने दिल्ली, हैदराबाद, पुणे आणि भुवनेश्वर येथे राष्ट्रीय विदा केंद्रे उभारली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने राष्ट्रीय क्लाउडचा आरंभ झाला. प्रत्येक विभागाने आपला स्वतंत्र सर्व्हर विकत घेऊन तो स्वतंत्र खोलीत सांभाळावा, ही जुनी पद्धत मागे टाकून अनेक विभागांनी एकाच पायाभूत सुविधेचा लाभ घ्यावा, हा या धोरणाचा गाभा आहे.

साठवण सामायिक का असावी?

आभासी यंत्राची तबकडी ही वास्तविक एक मोठी फाइल किंवा साठ्यातील राखून ठेवलेला एक भाग असते. ती यजमान सर्व्हरच्या स्वतःच्या तबकडीवर ठेवली, तर रचना सोपी आणि वेगवान होते. परंतु तो सर्व्हर बिघडला की त्यावरील सर्व आभासी यंत्रे त्याच्यासह अडकून पडतात. त्यांची माहिती बंद पेटीत राहते आणि शेजारी दहा सर्व्हर मोकळे असूनही त्यांचा उपयोग होत नाही.

तबकडी सामायिक साठ्यात असेल, तर दोन लाभ होतात. पहिला लाभ म्हणजे बिघडलेल्या सर्व्हरवरील आभासी यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा सुरू करता येते. दुसरा लाभ म्हणजे चालू यंत्र, सेवा जवळजवळ न थांबवता, एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविता येते. यास लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. सर्व्हरची दुरुस्ती कामकाजाच्या वेळेत करता येण्यामागे हेच तंत्र असते.

एका साध्या गणिताने हा फरक स्पष्ट होतो. एका आभासी यंत्राची स्मृती १६ गीगाबाइट आणि तबकडी २ टेराबाइट आहे, आणि जाळ्याचा वेग सेकंदाला १० गीगाबिट आहे, असे समजू. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे स्मृती हलविण्यास आदर्श स्थितीत सुमारे १३ सेकंद, तर तबकडी हलविण्यास सुमारे २७ मिनिटे लागतील. साठवण सामायिक असेल तर तबकडी हलवावीच लागत नाही. केवळ स्मृती आणि यंत्राची चालू स्थिती पाठवावी लागते. सर्व्हर अकस्मात बंद पडला असेल, तर स्थानिक तबकडीवरून काही हलविण्याचा प्रश्नच उरत नाही.

साठवणीचे तीन प्रकार

क्लाउडमधील साठवण स्थूलमानाने तीन प्रकारची असते. पहिला प्रकार ब्लॉक साठवणीचा. यात आभासी यंत्राला एक कोरी तबकडी दिली जाते. पृष्ठक्रमांक घातलेली कोरी वही हातात द्यावी आणि तीत काय, कोणत्या क्रमाने लिहायचे हे घेणाऱ्याने ठरवावे, तसा हा प्रकार आहे. आभासी यंत्रांच्या तबकड्या आणि विदासंच यांसाठी तो उपयुक्त ठरतो. फायबर चॅनल आणि साध्या इथरनेट जाळ्यावरही चालणारी आयस्कझी ही ब्लॉक साठवण पोहोचविण्याची प्रचलित तंत्रे आहेत.

दुसरा प्रकार फाइल साठवणीचा. कचेरीतील अभिलेख कक्षात ज्याप्रमाणे विषयवार फाइली लावलेल्या असतात आणि अधिकृत कर्मचारी त्या पाहू शकतात, त्याप्रमाणे येथे अनेक यंत्रे एकाच फोल्डर-रचनेचा वापर करतात. सन मायक्रोसिस्टम्सने १९८४ मध्ये विकसित केलेली एनएफएस ही या प्रकारातील सर्वपरिचित पद्धत होय.

तिसरा प्रकार ऑब्जेक्ट साठवणीचा. रेल्वे स्थानकावरील सामानघरात सामान देऊन पावती घ्यावी आणि पावती दाखवून ते परत मिळवावे, तसे येथे प्रत्येक वस्तूला एक ओळखखूण असते. वस्तू पूर्ण ठेवायची आणि पूर्ण उचलायची, हा येथील सामान्य व्यवहार. छायाचित्रे, स्कॅन केलेले दाखले, यंत्रांचे साचे आणि बॅकअप यांसाठी हा प्रकार सोयीचा असतो. सतत बदलणाऱ्या तबकडीसाठी तो योग्य नव्हे.

नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड प्रणालीत या तिन्ही प्रकारांसाठी स्वतंत्र घटक आहेत. ब्लॉकसाठी सिंडर, फाइलसाठी मनिला आणि ऑब्जेक्टसाठी स्विफ्ट. यंत्रे चालविण्याचे काम नोव्हा करतो, तर यंत्रांचे साचे ग्लान्स सांभाळतो. क्लाउडस्टॅक या दुसऱ्या मुक्त प्रणालीत विभागणी कामाच्या स्वरूपावरून केलेली आहे. चालू यंत्रांच्या तबकड्या प्राथमिक साठवणीत, तर साचे आणि स्नॅपशॉट दुय्यम साठवणीत ठेवले जातात.

रचनेचा क्रम

लहान क्लाउडसाठी एनएफएसवर आधारित सामायिक साठवण हे समजण्यास सोपे उदाहरण आहे. तिची उभारणी साधारणतः पुढील क्रमाने होते.

प्रथम साठवणीच्या वाहतुकीसाठी स्वतंत्र जाळे राखले जाते. नागरिकांची वाहतूक आणि तबकडीची वाहतूक एकाच मार्गावरून गेली, तर गर्दीच्या वेळी दोन्ही मंदावतात. शिवाय साठवणीचे जाळे बाहेरून दिसू न देणे सुरक्षेसाठी आवश्यक असते. त्यानंतर साठवण सर्व्हरवरील एक फोल्डर केवळ ठरावीक यजमानांसाठी खुले केले जाते. सर्वांसाठी खुले ठेवलेले फोल्डर म्हणजे कुलूप न लावलेला अभिलेख कक्षच होय.

तिसऱ्या टप्प्यावर प्रत्येक यजमानावर ते फोल्डर एकाच नावाच्या, एकाच मार्गावर जोडले जाते. यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर गेले, की तेथेही त्याची तबकडी त्याच पत्त्यावर सापडली पाहिजे. चौथी बाब परवानग्यांची. क्लाउडचे सॉफ्टवेअर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते, त्या वापरकर्त्याचा क्रमांक सर्व यजमानांवर समान असावा लागतो. एनएफएसच्या नेहमीच्या मांडणीत मालकी नावावरून नव्हे, तर या क्रमांकावरून ठरते. तो भिन्न असल्यास एका यजमानावर सुरळीत चालणारे यंत्र दुसऱ्यावर स्वतःचीच तबकडी उघडू शकत नाही.

पाचवा टप्पा सहज दुर्लक्षिला जातो. यजमान पुन्हा सुरू झाल्यावर साठवण जोडली गेली नाही, तर त्या मार्गावर केवळ एक रिकामे स्थानिक फोल्डर उरते. क्लाउडचे सॉफ्टवेअर तेथेच नवी यंत्रे निर्माण करू लागते आणि वरवर सर्व काही ठीक दिसते. म्हणून साठवण जोडली गेल्याची खात्री झाल्याशिवाय यंत्रे सुरू होऊ नयेत, अशी व्यवस्था करावी लागते. अखेरचा टप्पा चाचणीचा. चाचणीसाठीचे यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविणे आणि एका यजमानाची वीज मुद्दाम बंद करून पाहणे, या दोन्ही चाचण्यांशिवाय रचना पूर्ण झाली असे मानता येत नाही.

एका तबकडीवर दोन लेखणी

सामायिक साठवणीतील सर्वांत गंभीर चूक म्हणजे एकच तबकडी दोन यंत्रांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी वापरणे. सामान्य फाइल-प्रणाली आपण एकटेच लिहीत आहोत असे गृहीत धरते. दोन यंत्रे परस्परांच्या नकळत लिहू लागली, की नोंदी एकमेकींवर चढतात आणि तबकडी निरुपयोगी होते. असा वापर अपरिहार्य असल्यास जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ यांसारख्या, कुलुपांची देवाणघेवाण करणाऱ्या फाइल-प्रणाली वापराव्या लागतात.

हाच धोका अपघातानेही ओढवतो. एखाद्या यजमानाशी संपर्क तुटला, म्हणजे तो बंद पडलाच असे नसते. केवळ जाळ्याची तार तुटलेली असू शकते. अशा वेळी तेच यंत्र दुसरीकडे सुरू केल्यास एका तबकडीवर दोन लेखणी चालू लागतात. यासाठी संपर्क तुटलेल्या यजमानाची वीज प्रथम दूरनियंत्रणाने तोडली जाते, आणि मगच यंत्र अन्यत्र सुरू केले जाते. या उपायास फेन्सिंग, म्हणजेच कुंपण घालणे, असे म्हणतात.

प्रती, बहुमत आणि क्षमता

सर्व यजमान एकाच साठवण सर्व्हरवर अवलंबून असतील, तर तो सर्व्हरच संपूर्ण व्यवस्थेचा दुबळा दुवा ठरतो. त्यामुळे मोठ्या क्लाउडमध्ये विकेंद्रित साठवण वापरली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रुझ शाखेत सेज वाइल यांच्या संशोधनातून साकारलेली सेफ ही यातील एक प्रमुख मुक्त प्रणाली होय. तिच्यात माहितीचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवरील तबकड्यांत विखुरले जातात. कोणता तुकडा कोठे आहे, हे एखाद्या मध्यवर्ती नोंदवहीत शोधावे लागत नाही. ठरलेल्या सूत्राने ते काढता येते.

सेफच्या सर्वसाधारण मांडणीत प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवल्या जातात आणि किमान दोन प्रती उपलब्ध असल्याशिवाय लेखन स्वीकारले जात नाही. या प्रती एकाच कपाटातील तीन तबकड्यांवर ठेवल्या, तर कपाटाची वीज जाताच तिन्ही नाहीशा होतात. म्हणून त्या भिन्न सर्व्हरवर, शक्य तर भिन्न कपाटांत पडतील असा नियम व्यवस्थापकाने द्यावा लागतो. व्यवस्थेची स्थिती ठरविणारे निरीक्षक घटक तीन किंवा पाच असे विषम संख्येने ठेवले जातात. जाळे दुभंगले, तरी दोन्ही भागांना बहुमत मिळू शकत नाही आणि बहुमताचा भागच काम चालू ठेवतो.

सुरक्षिततेची किंमत क्षमतेत मोजावी लागते. एकूण ३०० टेराबाइटच्या तबकड्यांवर तीन प्रती ठेवल्यास उपयोगात येणारी क्षमता १०० टेराबाइटच उरते. पर्याय म्हणून माहितीचे चार भाग आणि पडताळणीचे दोन भाग अशी गणिती रचना करता येते. तीत कोणतेही दोन भाग नष्ट झाले तरी माहिती परत मिळते आणि ३०० टेराबाइटांपैकी २०० टेराबाइट वापरता येतात. मात्र लेखनाचा व पुनर्बांधणीचा भार वाढतो. शिवाय साठा काठोकाठ भरू देऊन चालत नाही. सेफ ही प्रणाली नेहमीच्या मांडणीत ८५ टक्क्यांवर इशारा देते आणि ९५ टक्क्यांवर लेखन थांबवते. आभासी तबकड्यांना प्रत्यक्ष साठ्यापेक्षा अधिक जागा कागदोपत्री देण्याची प्रथा असल्याने या आकड्यांवर सतत लक्ष ठेवणे आवश्यक ठरते. साठा भरला, तर एक नव्हे, त्यावरील सर्व विभागांच्या सेवा एकाच वेळी थांबतात.

प्रती म्हणजे बॅकअप नव्हे

तीन प्रती तबकडीच्या बिघाडापासून संरक्षण देतात. चुकीपासून देत नाहीत. कर्मचाऱ्याने फाइल पुसली, तर ती तिन्ही ठिकाणी पुसली जाते. घातक सॉफ्टवेअरने नोंदी कूटबद्ध केल्या, तर त्या तिन्ही ठिकाणी कूटबद्ध होतात. स्नॅपशॉट, म्हणजे विशिष्ट क्षणीची स्थिती, काही प्रमाणात उपयोगी पडतो. परंतु तो त्याच साठ्यात असेल तर साठ्याबरोबरच नष्ट होतो. बॅकअप म्हणजे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या अधिकाराखाली ठेवलेली आणि परत आणून तपासलेली प्रत.

अलीकडील दोन घटनांतून हा भेद स्पष्ट होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. नोंदणीसह अनेक कामे काही दिवस हाताने करावी लागली. तथापि, ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळविता आली. रुग्णांच्या नोंदी वाचल्या, त्या या स्वतंत्र प्रतीमुळे.

दुसरी घटना दक्षिण कोरियातील. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या विदा केंद्रात लिथियम-आयन बॅटरींमुळे आग लागली आणि शासनाच्या सहाशेहून अधिक सेवा ठप्प झाल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवणारी जी-ड्राइव्ह ही सामायिक साठवणही जळाली. तीत ८५८ टेराबाइट माहिती होती आणि साठ्याच्या प्रचंड आकारामुळे तिचा बाहेर बॅकअपच ठेवलेला नव्हता. इतर अनेक प्रणाली क्रमाने पूर्ववत झाल्या. ही मात्र होऊ शकली नाही. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशातही साठवण आणि बॅकअप यांतील भेद विसरल्यास काय घडते, याचे हे उदाहरण होय.

अंतराचे गणित

दूरच्या शहरात प्रत ठेवायची, तर अंतराची मर्यादा आड येते. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो. दिल्ली आणि हैदराबाद यांतील सरळ अंतर सुमारे १,२५० किलोमीटर धरल्यास जाण्यायेण्यास किमान साडेबारा मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंद दुसऱ्या शहरात पोहोचेपर्यंत थांबायचे ठरविले, तर प्रत्येक लेखनाला इतका विलंब सोसावा लागतो. म्हणून एकाच शहरात किंवा परिसरात तत्क्षणी प्रत, आणि दूरच्या, भिन्न भूकंपप्रवण क्षेत्रातील केंद्रात थोड्या विलंबाने प्रत, अशी दुहेरी रचना केली जाते.

यासाठी दोन परिमाणे आधी ठरवावी लागतात. संकट ओढवल्यास किती काळाच्या नोंदी गमावणे सह्य आहे, हे पुनःप्राप्ती बिंदू उद्दिष्ट. आणि सेवा किती वेळात पूर्ववत झाली पाहिजे, हे पुनःप्राप्ती काल उद्दिष्ट. जमिनीच्या व्यवहाराची नोंदणी आणि एखाद्या कार्यक्रमाची छायाचित्रे यांसाठी ही उद्दिष्टे समान असू शकत नाहीत. ती ठरविण्याचे काम केवळ तंत्रज्ञाचे नाही. कोणती नोंद हरविल्यास नागरिकाचा हक्क बाधित होईल, हे जाणणाऱ्या विभागाचे ते काम आहे.

कायद्यानेही ही जबाबदारी अधोरेखित केली आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षा उपाय योजणे बंधनकारक असून, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत या उपायांमध्ये बॅकअपचाही समावेश करण्यात आला आहे.

समारोप

सामायिक साठवणीमुळे संगणकीय सेवा एका पेटीपासून, एका खोलीपासून आणि योग्य रचना केल्यास एका शहरापासूनही स्वतंत्र होते. ई-प्रशासनाच्या विस्तारासाठी हे सामर्थ्य अनिवार्य आहे. परंतु हे स्वातंत्र्य आपोआप मिळत नाही. कोणता साठा कोणत्या कामासाठी, किती प्रती, त्या कोठे, कोणाच्या अधिकारात आणि शेवटची पुनःप्राप्ती चाचणी केव्हा झाली, या प्रश्नांची उत्तरे रचनेच्या वेळीच लिहून ठेवावी लागतात. पूर्वी अभिलेख कक्षाची किल्ली सांभाळणाऱ्यावर जी जबाबदारी होती, तीच आज साठवणीची मांडणी करणाऱ्यावर आणि तिला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यावर आली आहे. दाखला, निकाल किंवा सातबारा मागणाऱ्या नागरिकाला क्लाउड दिसत नाही. त्याला आपली नोंद सापडते की नाही, एवढेच दिसते.